अंतर्कर्णातील रक्तप्रवाह : मोजमापाची मर्यादा आणि आरोग्यखर्चाचे अर्थकारण

(कर्णविकारतज्ज्ञ आणि सार्वजनिक आरोग्य अधिकारी यांच्या परिसंवादात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



कर्णविकारांवरील परिसंवादात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. निदान आणि उपचार हे आपले क्षेत्र आहे आणि त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. मात्र मोजमाप हा आपल्या आणि माझ्या शास्त्रातील समान धागा आहे. राष्ट्रीय उत्पन्न, दारिद्र्य, बेरोजगारी यांपैकी कोणतीही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती कशाच्या तरी आधाराने मोजावी लागते, आणि मोजण्याची पद्धत बदलली की धोरणही बदलते. या व्यवसायात तीस वर्षे घालविल्यानंतर माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट अशी की, जे मोजता येते त्याच्याभोवती धोरण उभे राहते. आणि जे महत्त्वाचे असूनही मोजता येत नाही, त्याच्याभोवती बऱ्याचदा बाजार उभा राहतो. अंतर्कर्णातील रक्तप्रवाह हे या दुसऱ्या प्रकाराचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण आहे.

आपल्याला सुपरिचित असलेली काही माहिती मी थोडक्यात सांगतो, कारण पुढील विवेचन तिच्यावरच उभे आहे. शंखाच्या आकाराचा कॉक्लिया सुमारे अडीच वेढ्यांचा असतो. उलगडला तर त्यातील पडदा साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरतो. त्यावर आतील ओळीत साधारण ३,५०० आणि बाहेरील ओळींत सुमारे १२,००० केशपेशी असतात. या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा निर्माण होत नाहीत. कॉक्लियाच्या बाहेरील भिंतीवर केशवाहिन्यांनी भरलेला एक पट्टा आहे. त्यास स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस म्हणतात. हा पट्टा आतील द्रवाचा विद्युत्दाब रक्ताच्या तुलनेत सुमारे ८० मिलिव्होल्टने चढा ठेवतो. ध्वनीचे संदेशात रूपांतर करण्यासाठी केशपेशींना लागणारी शक्ती यातून मिळते. प्राणवायूचा पुरवठा तुटला की हा दाब एक-दोन मिनिटांतच कोसळू लागतो.

या दाबाचा शोध जॉर्ज फॉन बेकेसी यांनी लावला आणि १९५२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ऐकण्याच्या क्रियेवरील संशोधनासाठी १९६१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. अर्थशास्त्रज्ञाला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. बेकेसी वैद्य नव्हते. बुडापेस्ट येथे हंगेरीच्या टपाल खात्याच्या दूरध्वनी प्रयोगशाळेत ते काम करीत. मानवी कान दूरध्वनी यंत्रणेपेक्षा कितपत सरस आहे, अशा व्यवहारी प्रश्नातून ते कानाच्या अभ्यासाकडे वळले. तारा आणि यंत्रे यांवर किती खर्च करावा, हे ठरविण्यासाठी कान मोजावा लागला होता.

आता रक्ताचा मार्ग पाहू. कॉक्लियाला रक्त पुरविणारी धमनी अतिशय बारीक असते. ती बहुधा अनुमस्तिष्काच्या एका धमनीची शाखा असते आणि तिला पर्यायी मार्ग जवळपास नाही. हृदयाच्या किंवा हातापायांच्या रक्तपुरवठ्यात एक वाट बंद झाली तर शेजारची वाट काही प्रमाणात भार उचलते. येथे ती सोय नाही. हा सर्व संसार शरीरातील सर्वांत कठीण हाडाच्या आत बंदिस्त आहे. आतील द्रवाचे एकूण आकारमान पाण्याच्या एक-दोन थेंबांएवढे. एका बाजूला अत्यंत नाजूक पुरवठा आणि दुसऱ्या बाजूला आत डोकावण्यास पूर्ण मज्जाव, अशी ही रचना आहे. अशा ठिकाणी ‘रक्तपुरवठा कमी पडला असेल’ हे स्पष्टीकरण मोहक वाटणे स्वाभाविक आहे.

मोजमापाच्या वाटा

हा प्रवाह मोजण्याचे प्रयत्न थोडेथोडके झालेले नाहीत. एका जुन्या पद्धतीत किरणोत्सर्गी द्रव्याने खूण केलेले अतिसूक्ष्म मणी प्राण्याच्या हृदयाच्या डाव्या बाजूस सोडले जातात. रक्ताबरोबर जाऊन ते केशवाहिन्यांत अडकतात. नंतर कॉक्लिया काढून त्यात किती मणी सापडले ते मोजले की प्रवाहाचा प्रत्यक्ष आकडा मिळतो. पण त्यासाठी प्राण्याचा जीव जातो. जनगणनेसारखे हे एका क्षणाचे चित्र असते. पुढील क्षणी काय झाले, ते कळत नाही.

दुसरी पद्धत लेसर डॉप्लरची. हाडावर टेकविलेल्या बारीक शलाकेतून प्रकाश आत जातो आणि धावत्या तांबड्या पेशींवरून परतताना त्याची वारंवारता किंचित बदलते. या बदलावरून प्रवाहातील चढउतार सतत नोंदविता येतो. १९८० च्या दशकापासून या पद्धतीने कॉक्लियाविषयी पुष्कळ ज्ञान दिले. मात्र तिच्या दोन अडचणी आपण सर्वजण जाणता. ती प्रवाहाचे प्रत्यक्ष परिमाण सांगत नाही, तर केवळ आधीच्या तुलनेत वाढ की घट एवढेच सांगते. शिवाय हाडाच्या वरील त्वचेतील रक्ताचा प्रवाहही नोंदीत मिसळतो. आमच्या परिभाषेत सांगायचे तर हा निर्देशांक आहे, उत्पन्नाचा आकडा नव्हे. आणि त्यात शेजारच्या गावाचे उत्पन्नही थोडेसे मिसळलेले आहे. माणसात ही पद्धत वापरता येते ती केवळ अन्य कारणाने कान उघडला असेल तेव्हा, उदाहरणार्थ कॉक्लियर रोपणाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी. म्हणजे ज्याचे कान ठीक आहेत, त्याच्याशी तुलना करण्याची सोय जवळपास नाही.

गिनिपिगच्या कॉक्लियाच्या भिंतीला सूक्ष्म खिडकी पाडून सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींची वाटचाल पाहण्याचे कौशल्यही संशोधकांनी साधले. चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाने तर मोठीच मजल मारली. जपानमधील नागोया येथील संशोधकांनी २००७ मध्ये मेनियर विकाराच्या जिवंत रुग्णांत अंतर्कर्णातील द्रवाची सूज चित्रात दाखविली. त्यापूर्वी ती मृत्यूनंतरच्या तपासणीतच दिसत असे. पण ते द्रवाचे चित्र आहे, रक्तप्रवाहाचे मापन नव्हे. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या रुग्णाच्या कॉक्लियात रक्त किती वाहते, हे सांगणारी नित्याची चाचणी आजही उपलब्ध नाही.

प्रयोगशाळा ते औषधाचे दुकान

येथून माझ्या विषयाला सुरुवात होते. जे मोजता येत नाही ते ‘वाढविणारी’ औषधे मात्र विपुल आहेत. चक्कर, कानात आवाज येणे, ऐकू कमी येणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या रुग्णाच्या हाती पडणाऱ्या चिठ्ठीत अंतर्कर्णाचा रक्तपुरवठा सुधारण्यासाठी म्हणून एखादी गोळी असतेच. बीटाहिस्टीन हे त्यांपैकी सर्वांत परिचित नाव. त्याच्यामागे शास्त्र नाही असे नव्हे. गिनिपिगमध्ये या औषधाने कॉक्लियातील प्रवाह वाढतो, हे मोजून दाखविले गेले आहे. प्रश्न पुढचा आहे. प्रवाह वाढला तर रुग्णाला बरे वाटते का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जर्मनीतील १४ केंद्रांत मेनियर विकाराच्या २२१ रुग्णांवर चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने प्रसिद्ध केले. एका गटास औषधाची कमी मात्रा, दुसऱ्यास अधिक मात्रा आणि तिसऱ्यास औषधी गुण नसलेली, पण दिसायला तशीच गोळी नऊ महिने देण्यात आली. तिन्ही गटांत चकरेचे झटके कमी झाले. तिन्हींत जवळपास सारखेच. मेनियर विकार हा चढउतारांचा आहे; रुग्ण वैद्याकडे येतो तो त्रास शिगेला पोहोचला असता, आणि त्यानंतर बहुधा उतारच लागतो. या उताराचे श्रेय गोळीला मिळते. एका चाचणीने वाद कायमचा मिटतो असे मी म्हणणार नाही. परंतु सिद्धतेचा भार कोणावर आहे, हे तिने स्पष्ट केले आहे.

आकस्मिक बहिरेपणाचा इतिहासही असाच आहे. तीन दिवसांच्या आत, लगतच्या तीन वारंवारतांवर ३० डेसिबल किंवा अधिक श्रवणहानी, ही त्याची रूढ व्याख्या. सकाळी उठल्यावर एक कान बंद असल्याचे लक्षात येते. बहुसंख्य रुग्णांत कारण सापडत नाही. रक्तवाहिनीत अडथळा आला असावा, हे अनेक तर्कांपैकी एक. तो तर्क खरा धरून रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे व रक्त पातळ करणारी द्रावणे दिली गेली. जर्मन भाषक देशांत तर शिरेतून स्टार्चयुक्त द्रावण देण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. अमेरिकेतील कर्णविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१२ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे नित्याचा उपचार म्हणून देऊ नयेत, असे सांगितले. स्टार्चच्या द्रावणांविषयी, अतिदक्षता रुग्णांत मूत्रपिंडांना होणाऱ्या इजेमुळे, युरोपीय औषध यंत्रणेने २०२२ मध्ये विक्रीपरवाने स्थगित करण्याची शिफारस केली.

यामागील शरीरशास्त्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला लगेच पटते. सर्व शरीरातील रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध घेतले तर एकूण रक्तदाब खाली येतो. त्या घसरणीत कॉक्लियाच्या वाट्याला अधिक रक्त येईलच, याची खात्री नाही. उलट ते इतरत्र वळण्याची शक्यता असते. सरसकट दिलेले अनुदान गरजूपर्यंत पोहोचेलच असे नाही, हे आम्ही अनेक योजनांत पाहिले आहे.

आकस्मिक बहिरेपणात उपचार न घेताही ३२ ते ६५ टक्के रुग्णांचे ऐकणे काही प्रमाणात किंवा पूर्ण सुधारते, असे या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. याचा अर्थ असा, की कोणतेही निरुपद्रवी औषध दिले तरी वैद्याला निम्म्या रुग्णांकडून धन्यवाद मिळतील. स्टेरॉइडविषयीही सबुरीने बोलावे लागते. ते लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत द्यावे, हा आजचा मान्य पर्याय आहे; पण अधिक मात्रेने अधिक लाभ होतो ही समजूत जर्मनीत झालेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टिकली नाही.

आपल्या देशात हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. तथापि बाह्यरुग्ण उपचार व दुकानातून घेतलेली औषधे यांचा भार अजूनही मुख्यतः कुटुंबावरच पडतो, आणि दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्या याच वर्गात मोडतात. रोजंदारीवरील माणसाने महिनोन्महिने अशा गोळीवर केलेला खर्च कोणत्याही विमा योजनेच्या हिशेबात दिसत नाही. त्याहूनही मोठी हानी वेळेची होते. एक कान अचानक बंद झालेला ट्रकचालक किंवा विणकर मळ साचला असेल, सर्दी असेल, रक्त कमी पोहोचत असेल अशा समजुतीत दोन आठवडे घालवितो, आणि उपचाराचा काळ निघून जातो. परदेशांत या विकाराचे प्रमाण वर्षाला लाखामागे ५ ते २० असे सांगितले जाते. तेच प्रमाण १४० कोटी लोकसंख्येला लावले तर दरवर्षी ७० हजार ते २ लाख ८० हजार माणसे होतात.

यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात काय करता येईल? रक्तप्रवाह मोजता येत नाही. पण बिघाड मध्यकर्णात आहे की अंतर्कर्णात, हे एका नादकाट्याने समजते. सेकंदाला ५१२ कंपनांचा नादकाटा कपाळाच्या मध्यभागी टेकवावा. आवाज बंद झालेल्या कानात मोठा ऐकू आला तर दोष बहुधा मळ, द्रव किंवा पडदा यांचा. चांगल्या कानात मोठा आला तर दोष अंतर्कर्णाचा वा मज्जातंतूचा असण्याचा संभव, आणि त्या रुग्णास त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावयास हवे. नादकाटा नसेल तर रुग्णाला तोंड मिटून गुणगुणावयास सांगावे. कोणत्या कानात आवाज घुमतो, हे तो स्वतःच सांगतो. ही पृच्छा दूरध्वनीवरूनही करता येते. या चाचणीला पैसा लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच तिचा प्रचार करणारा कोणी प्रतिनिधी दवाखान्यात येत नाही.

कान स्वतःच उत्तर देतो

जे थेट मोजता येत नाही, त्याचा विश्वासार्ह प्रतिनिधी शोधणे ही आमच्या शास्त्राची जुनी रीत आहे. येथे असा प्रतिनिधी उपलब्ध आहे. निरोगी कान केवळ आवाज ऐकत नाही, तो अतिशय क्षीण आवाज बाहेरही टाकतो. असे घडत असावे, हे टॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये सुचविले होते. पुढे खगोलभौतिकीत नाव मिळविलेल्या या शास्त्रज्ञाचे म्हणणे तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लंडन येथे डेव्हिड केम्प यांनी कानाच्या नलिकेत सूक्ष्म ध्वनिग्राहक ठेवून हा प्रतिध्वनी नोंदविला. आज त्यावर आधारित ओएई चाचणी हातात मावणाऱ्या यंत्राने झोपलेल्या नवजात बालकावर काही मिनिटांत करता येते.

या चाचणीचा रक्तप्रवाहाशी संबंध असा : प्रतिध्वनी बाहेरील केशपेशींच्या हालचालीतून येतो, त्या हालचालीला स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिसने राखलेला विद्युत्दाब लागतो आणि तो दाब रक्ताने पोहोचविलेल्या प्राणवायूवर टिकतो. साखळीतील अखेरची कडी जागेवर आहे असे दिसले, तर आधीच्या कड्यांविषयीही काही सांगता येते. याला मर्यादा आहेत. मध्यकर्णात द्रव असेल तर प्रतिध्वनी अडतो. मज्जातंतूचा दोष असेल तर प्रतिध्वनी ठीक येतो आणि मूल तरीही ऐकत नाही. म्हणून अतिदक्षता विभागातून आलेल्या बालकांसाठी मेंदूच्या प्रतिसादाची चाचणीही आवश्यक ठरते. शिवाय ओएई नापास झाली म्हणजे रक्त कमी पडले, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. तरीही निर्णयासाठी जे हवे ते या चाचणीतून मिळते : या बालकाला पुढील तपासणीची गरज आहे की नाही.

या निर्णयाचे मोल किती? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात झालेल्या व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष ओळखल्या गेलेल्या मुलांचा भाषाविकास नंतर ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा ठळकपणे चांगला आढळला. एक महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाययोजना हा क्रम जगभर मानला जातो. जन्मजात कायम श्रवणदोषाचे प्रमाण हजारी अवघे एक धरले, तरी भारतात दरवर्षी वीस हजारांहून अधिक बालके होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाने दुर्लक्षित श्रवणदोषामुळे जगाची वार्षिक हानी सुमारे ९८० अब्ज डॉलर सांगितली आहे, आणि गुंतविलेल्या प्रत्येक डॉलरमागे जवळपास १६ डॉलर परत येतील असा अंदाज दिला आहे. अशा गोल आकड्यांकडे मी व्यवसायाने साशंकतेने पाहतो. त्यांत न मिळालेल्या वेतनापासून एकाकीपणाच्या मोलापर्यंत अनेक गृहीतके दडलेली असतात. परंतु सोळाऐवजी चार डॉलर परत आले तरी ही गुंतवणूक वाईट नाही.

आपल्याकडे पाया घातला गेला आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६० च्या दशकापासून आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात मनुष्यबळ घडवीत आहेत. बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात २५ जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातील पालघर येथून फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्रीय योजनेत २०१४ च्या सुधारणेनुसार कॉक्लियर रोपणासाठी प्रति बालक ६ लाख रुपयांपर्यंत तरतूद झाली, आणि केरळने त्याआधीच स्वतःची योजना आखली होती. रोपण हा साखळीचा शेवटचा आणि सर्वांत खर्चिक टप्पा. तीन वर्षांनंतर दोष लक्षात आलेल्या मुलाला तोच खर्च करून कमी भाषा मिळते.

मोजमापाची एक जुनी उणीव मात्र येथेही आहे. २०११ च्या जनगणनेने श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५०.७ लाख नोंदविली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या अंदाजावर राष्ट्रीय कार्यक्रमाची मांडणी झाली, त्यात लक्षणीय श्रवणदोष असलेले भारतीय ६.३ कोटी आहेत. तफावत बारा पटींची. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येत बसू शकतात, कारण जनगणनेत प्रगणक कुटुंबप्रमुखाला विचारतो, आणि घरातील आजोबांना ऐकू कमी येते याला तो अपंगत्व समजत नाही. दुसरा अंदाज डेसिबलवर आधारलेला आहे. पण अर्थसंकल्प मांडणाऱ्या अधिकाऱ्याने कोणता आकडा घ्यावा?

म्हणून सभागृहातील आरोग्य अधिकाऱ्यांना माझी विनंती हिशेबाच्या एका तपशिलापुरती आहे. नवजात बालकांच्या श्रवणचाचणीच्या अहवालात चाचण्यांची संख्या लिहिणे सोपे असते, आणि ती फुगलेली दिसते. त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे असावेत : पहिल्या चाचणीत नापास झालेली बालके, त्यांपैकी दुसऱ्या चाचणीला परत आलेली बालके आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र बसलेली बालके. प्रसूतीनंतर दोन दिवसांत माहेरी गेलेली आई पुन्हा जिल्हा रुग्णालयात येण्यासाठी प्रवासखर्च आणि एका दिवसाची मजुरी सोडते. यंत्राच्या किमतीपेक्षा ही गळती अधिक महाग पडते. तिच्यासाठी बसभाड्याची तरतूद यंत्रखरेदीच्या त्याच शीर्षाखाली करता येते का, हे आपण आपापल्या जिल्ह्यात तपासून पाहावे. लसीकरणासाठी बाळ सहाव्या आठवड्यात उपकेंद्रात येतेच. दुसरी चाचणी त्याच दिवशी तेथेच करता आली तर बसभाड्याचा प्रश्नही उरणार नाही.